बाही

बावीस वर्षांची वही आहे माझ्याकडं.
निलंग्यातल्या निम्म्या बायांचे खांदे, मुंढे, गळे
माझ्या वाकड्या अक्षरात.
माप देताना माणसं श्वास ओढून धरतात.
मी टेप सैल सोडून थांबते.
कधी ना कधी सोडावाच लागतो.

पद्मिनबाई सोळुंके, अंगणवाडीच्या.
बाही अठरा.
वेळ अमावस्येच्या आधी एक झंपर, लग्नसराईत एक,
दोन्हीला अठरा.
एप्रिलात पत्रा तापून मशीनचं तेल पाण्यासारखं होतं
तेव्हाही अठरा.
"ऊन सोसत नाही, आपा," म्हणायच्या.
"खरंय," मी म्हणायचे
आणि मनगटावर टेप टेकवताना
दुसरीकडं बघायचे.
ह्यालाच आम्ही दोघी रीत समजत होतो.

मग एकदा, काही निमित्त नसताना,
"सतरा करा."
एक इंच म्हणजे किती? दीड बोट.
त्या दीड बोटात ज्वारीच्या लाहीएवढा
पांढरा डाग, उजेडाला आलेला.

साडेसोळा. सोळा.
पंधराला दोन वर्षं अडकल्या.

एका पोरानं डागावर बोट ठेवून विचारलं म्हणे,
"बाई, इथं दूध सांडलं का?"
"सांडलं की. वाळलं बी."
सांगताना हसल्या,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तशा, एकदम.

पुतणीच्या साखरपुड्याहून आल्या त्या दिवशी मात्र
बोलल्या नाहीत.
कुणी ताट सरकवलं असेल,
कुणी फोटोत मागं उभं केलं असेल.
पिशवीतून गर्द जांभळं कापड काढलं.
"अठरा."

मी वाद घातला नाही. अठराच शिवली.
फक्त पंधराच्या पुढचा तुकडा
कच्च्या टाक्यांनी जोडला,
आणि तसं सांगितलं.
न सांगता केलं असतं
तर ती माझी बाही झाली असती.

सात महिने तो दोरा टिकला.
आठव्या महिन्यात दोन्ही तुकडे हातात घेऊन आल्या:
"पिशवीला ठिगळ लावा ह्याचं."

डाग गेले नाहीत. वाढलेच, कोपराच्या वर चढले.
बाही आता नऊ.

माझं म्हणाल तर
दुकानाला पाटी नाही.
"किती झाले?" कुणी विचारलं की
"द्या तुमच्या मनानं"
हे माझ्या ओठांत टाचणीसारखं धरलेलंच असतं.
मी अशीच, हिशेबातली नव्हे,
हे गावाला सांगत आले,
त्याच्याही आधी स्वतःला.

काल वहीच्या शेवटच्या पानावर
जुबेदा लिहिलं. रेघ ओढली.
मुंढा नाही, खांदा नाही.
साधा झंपर, एकशे साठ.

पुढच्या बाईला ते पान बघून सांगितलं.
साठवर घसा अडकला.
"मागल्या टायमाला तर दीडशे दिले होते मी."
"होते," म्हणलं.

टेप गळ्यातच होता.
श्वास कधी सोडला
ते लिहून घ्यायचं राहिलं.