घर दाखवाच्या आधी

सिस्टरबाई, चुना मी उद्या भिजवतो,
पण आधी कागद काढा.
रंग मागून बी देता येते.
नमुना आठवर अजून डोमाजी उंबरकर जिवंत हाये.
तुमच्या सासऱ्याले जाऊन एकोणीस वर्सं झाले
अन लाइटीचं बिल त्याच्याच नावानं येते.
ग्रामसेवक मंगळवारी अन शुक्रवारी भेटते,
तेबी अकराच्या नंतर.
घरटॅक्स, पाणीपट्टी, सारं भरून
पावत्या एका पिशवीत ठेवजा,
तुमच्या त्या लसीच्या रजिस्टरावानी, तारखेच्या खाली तारीख.

मे महिन्यात घर दाखवजा नोका.
मागचे टिनं तापले का माणूस पाच मिंटं बसत नाई,
अन जो बसला नाई तो घेत नाई.
सकाळी साडेसातले बोलवा.
तवा निंबाची सावली ओसरीवर असते
अन झिंगरूजीची पिठाची चक्की बंद.

सांदवाडीतली पऱ्हाटी उचला.
तिच्यात साप असो का नसो,
पाहणाऱ्याले दिसतेच.
न्हाणीचा नळ गळते. वायसर पाच रुपयाचा हाये.
तो थेंब रातभर ऐकाची तुम्हाले सवय झाली,
त्याले काहाले होईन?

मयालीले उधई लागली, हात फिरवला का भुगा पडते.
औषध मारू, पण सांगून टाकू.
अन उत्तरेच्या खोलीतली ओल.
तिच्यावर मी ऑइलपेंट मारणार नाई, आधीच सांगतो.
पोळ्यापर्यंत फुगते तो,
अन शिवी रंगाऱ्याले बसते.
तुम्ही सोताच बोट दाखवजा: हे पाहा, इथं मुरते.
एक दोष आपल्या तोंडानं सांगितला
का बाकीच्या भिंतींवर माणसाचा भरोसा बसते.

देवघर आताच रिकामं करू नोका.
रिकामा कोनाडा पाहून घेणारा भाव पाडते,
समजून जाते, बाईले घाई हाये.
इसार घेतला का लिहून घेजा.
नोटा मोजताना भाचा जवळ पाह्यजे,
न पेलेला.

आता एक, रंगाच्या बाहेरचं.
चार लोकं घर पाहून गेले का
सांजच्याले गल्लीतले दोघं-तिघं येतीन.
चहा पेतीन. म्हणतीन,
बाई, कोणाले देता ते पाहून द्या.
पाहून म्हणजे काय पाहून,
ते तुम्हाले बी माईत हाये, मले बी.
तवा म्हणजा, पाहिलं. चेक पाहिला, सही पाहिली.

मी बी गेलो होतो एकदा घर घ्याले.
तुमच्याच लाइनीत, कोपऱ्यावरचं, निळ्या दाराचं.
सत्त्याण्णव साल. पैसे दुपट्ट्यात बांधून.
मालकानं नाव विचारलं. मंग आडनाव विचारलं.
मंग म्हणे, अरे बावा, कालच विकलं.

तीन वर्सं त्या दाराले कुलूप होतं.
तिसऱ्या दिवाळीले त्यानंच मले बोलावलं,
रंग द्याले.
दिला. दोन हात, आतून-बाहेरून.
कुठं भेग हाये, कुठं पाणी मुरते, कोणती खिडकी फुगते,
त्या घराचं सारं मले माईत हाये.
फक्त झोपलो नाई तिथं कधी.

जाऊ द्या.

बाहेरून पिवळा नोको, धूळ दिसते.
बदामी घेऊ. दोन डबे लागतीन,
पावती तुमच्या नावानं करतो.
अन ओट्याच्या भिंतीवर तो पोलिओच्या रविवारचा चौकोन हाये ना,
माह्याच हातचा,
तुमचं नाव अजून वाचता येते त्याच्यात.
खरडू, का तेवढा सोडून रंग मारू?
मले नोका सांगू.
घेणाऱ्याले विचारजा.