रिकामे पाच सेकंद

झेरॉक्सच्या दुकानात, सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यामागे,
अकरा दिवस झाले, मी सॉफ्टवेअर निवडते आहे.
गिऱ्हाईक विचारतं, काय करून रायली वं?
गाणं साफ करून रायली.
बरं. आधारचे दोन कॉपी काढ, दोन्ही बाजूनं.

लॅपटॉप गुरुजींच्या पोराचा, नोकरी लागल्यावर टाकलेला.
‘ड’ची कळ एकदा दाबली की तीनदा उमटते.
त्यात डोमाजी कापगत्यांची दंडार आहे,
एका रात्रीची, मोबाइलवर धरलेली,
मोबाइल पोत्यावर, पोतं ढोलकीपासून चार हात.

पहिलं दिलं वडशाच्या साउंडवाल्या निकेशनं,
पेनड्राइव्हवर, कुलूप तोडून आणलेलं.
एक नंबर आहे ताई, पुण्यात हेच चालते.
उघडलं की पंखा धान उफणल्यासारखा घोंगावतो,
पडद्यावर शंभर बटणं,
आणि ढोलकीवर एक थाप पडली की ती
थोडी थांबून, विचार करून, ऐकू येते.
चौथ्या दिवशी त्यानं माझी उधारीची फाइल खाल्ली.
गावात दोघंतिघं खूश झाले.

दुसरं रीतसर, कंपनीचं. तीस दिवस फुकट.
दार उघडतानाच सांगतं: सत्तावीस उरले. सव्वीस उरले.
पाहुण्याला रोज गाडीची वेळ विचारणाऱ्या सासूसारखं.
त्याला सगळं उभ्या रेघांवर लागतं,
आणि डोमाजी चौसष्ट वर्षांत एकदाही रेघेवर आले नाहीत.
त्यांची लय रात्री दहाला बांधीतून चिखल तुडवत निघते,
तीनच्या सुमारास बैल बुजल्यागत पळते,
ढोलकीवाल्यानं मागून धावायचं.
एका क्लिकमध्ये सरळ होते, असं लिहिलं होतं.
केली.
डोमाजी तहसीलातल्या बाबूसारखे गायले,
प्रत्येक शब्दाची पोच देत.

तिसरं फुकटचं, करडं, दिसायला गिरणीवाल्याच्या वहीसारखं.
लॅपटॉपला जड नाही.
खरखर काढायला सांगितली तर म्हणालं,
आधी कोणीच गात नाही अशी जागा दाखव.
ती ऐकून मी खरखर ओळखीन.

हुडकता हुडकता लाइट गेली, आली.
दुसऱ्या कडव्याच्या आधी पाच सेकंद सापडले.
हेडफोन कानावर दाबला.
बोडीतले बेंडकं. राइस मिलचा पट्टा, लांब.
कोणीतरी काडी ओढली, लागली नाही, पुन्हा ओढली.
टाळ मांडीवर ठेवल्याचा.
एक बाई हळूच, मंग धरा ना.
आणि डोमाजींनी छातीभर घेतलेला श्वास.

हे, मी सॉफ्टवेअरला दाखवलं. हे सगळीकडून काढ.
काढलं त्यानं. आज्ञाधारक आहे.

केवायसीला डोमाजी आले तेव्हा हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला.
टोपी काढायला तयार नव्हते, वरूनच बसवला.
ऐकत रायले. मग मोठ्यानं, हेडफोनवाले बोलतात तसे:
हे कोन आहे?
तुम्हीच जी.
मी कोठी गाऊन रायलो? दवाखान्यात?

रांगेतले सगळे हसले, तेही हसले,
अंगठा मशीनवर ठेवला, तो पहिल्यांदा उमटला नाही,
दुसऱ्यांदाही नाही. बोटावरच्या रेघा
धानात झिजल्या, म्हणाले, जशा काही त्या माझ्याच हरवल्या.

म्हणून तिसरं.
त्यात ‘मागे घे’ दाबत गेलं तर
पार पहिल्या रात्रीपर्यंत जाता येतं,
बेंडकं परत, काडी परत, मिलचा पट्टा परत.
मी फक्त पट्टा थोडा खाली ओढला.
श्वासाला हात नाही लावला.

त्यांच्या साध्या फोनच्या कार्डात चाळीस एमबी जागा होती,
बाकी निकेशनं भरून दिलेल्या लग्नातल्या गाण्यांची.
तेवढ्यात मावेल एवढं केलं.
शेवटी नाव विचारलं त्यानं.
टाइप केलं, आणि कळ अडकली.
डडडोमाजी.
खोडणार होते. मग वाटलं,
ढोलकी आधी, माणूस मागून,
असंच तर सुरू होतं ते.