रफार

पारोळ्याला बसस्टँडमागे शब्बीरभाईंचा प्रेस.
तिथे मी अक्षरं जुळवते,
म्हणजे आता जुळवायला काही उरलेलं नाही,
पेन ड्राइव्ह लावायचा, मजकूर ओतायचा.
यंदा आमदार आप्पांचा अहवाल:
चाळीस पानं, आर्ट पेपर, दहा हजार प्रती.

त्यांच्या ऑफिसातला मजकूर आमच्या फाँटात आला
की रफार उडतात. सगळे.
कार्याचं होतं काय.
आमदारांचा पाच वर्षांचा कायअहवाल.
खर्चाचा खच, मार्गाचा माग,
पूर्ण झालेलं प्रत्येक काम
पूण.
मग मी एकेक शब्द हुडकते,
धावताना पडलेली पोराची टोपी
उचलून डोक्यावर ठेवावी
तसा रफार ठेवते.

प्रगतिपथावर मात्र कधी तुटत नाही.
प्रस्तावितही नाही.
त्यांना रफारच नाही,
ते कुठल्याही फाँटात सुखरूप पोचतात.

पान सात. सभामंडप, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, सभामंडप.
व्यायामशाळेचं साहित्य, तीन लाख
(शब्बीरभाई म्हणाले, डबल बार आहे खरा,
त्याला म्हैस बांधतात).
पान आठवर सोनोग्राफीचं मशीन, फोटोत फीत कापताना.
माझी नणंद जाऊन आली.
मशीन आहे, चालवणारा मंगळवारी धुळ्याहून येतो,
आला तर.
पान नऊवर पाण्याची टाकी.
ती मात्र खरी. मामाच्या गावी दिवसाआड पाऊण तास
नळाला धार असते, मी स्वतः घागर भरली आहे.
ते पान मी दोनदा तपासलं,
फोटोतलं आभाळ थोडं निळं केलं.

पान अकरा.
मौजे बोरझिरी, नाल्यावर फरशी पूल,
अठ्ठेचाळीस लक्ष, पूण.

बोरझिरी माझं माहेर.
नाल्याच्या काठावर सिमेंटचे सहा पाईप
दोन वर्षं आडवे पडलेत.
एकात कुत्री व्यालेली.
एकात दहावीची पोरं परीक्षेचा अभ्यास करतात, गारवा असतो म्हणून.

मी काही केलं नाही.
फक्त त्या एका शब्दावर
रफार ठेवला नाही.

हिंमतराव पीएंनी प्रूफ पाहिलं,
म्हणजे फोटो मोजले, सही केली.

रात्री साडेनऊला आप्पा स्वतः आले,
गाडी लांब उभी, सोबत कुणी नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
उभ्याउभ्या वाचत गेले,
आणि बोट अकराव्या पानावर थांबलं.
‘इथे काय राहिलंय?’
‘रफार, आप्पा.’
‘गाव कोणतं तुझं?’
सांगितलं.
पंखा फिरत होता. कटिंग मशीनखाली कागदाच्या पट्ट्या उडत होत्या.
मग भाषणात नसते ती भाषा त्यांच्या तोंडी आली:
‘ठेकेदार पयी गया, बेटा. बिल मार्चमा अटकनं.’
लाव म्हणाले नाहीत,
राहू दे असंही नाही.
शब्बीरभाईंनी मागवलेला चहा अर्धा ठेवून गेले.

दहा हजार प्रती छापल्या.

दिवाळीत माहेरी गेले तर
पारावर अहवाल या हातातून त्या हातात.
‘आमनं गाव शे का इन्हामा?’
‘शे ना. हाई देख, पूण.’
‘पूण म्हंजे?’
रायसिंग काका जुनी सातवी शिकलेले,
त्यांनी अक्षराला नाक लावलं.
‘छापनारानी चूक करी. पाऊण लिखनं व्हतं त्याले.’
‘पाऊण कोठे शे, काका? पाव बी नही!’
सगळे हसले. मीही हसले,
पदर तोंडाशी धरून.

परवा हिंमतरावांचा फोन:
शुद्धिपत्रक काढायचंय, एकाच ओळीचं,
ओळ आप्पा स्वतः लिहून पाठवतील.
दहा हजार चिटोऱ्या कापून
मी गठ्ठा टेबलावर ठेवलाय,
वर डिंकाची बाटली, उडू नये म्हणून.
ओळ अजून आलेली नाही.