बूर्फा

अजमानच्या औद्योगिक वसाहतीत
उभी असते माझी एकुलती एक व्हॅन.
पाण्याच्या टाक्या धुतो आम्ही :
मी, शाहनवाज आणि एक उसना पंप.

लायसनवर लेकीचं नाव घातलं, पूर्वा.
टायपिंग सेंटरवाला म्हणाला, अरबीत प नाही. व पण नाही.
घाईत होतो. सही केली.

शनिवारी तिला पोहायला न्यायचं कबूल करून
नवव्या मजल्याच्या गच्चीवर, टाकीत,
कमरेइतक्या गाळात होतो.

रात्री व्हॅनपाशी आली. दुसरीत आहे,
उजवीकडून वाचायला शिकलीय.
बोट फिरवत वाचलं : बू… र्… फा.
"बाबा, ही कोण?"

हातांना क्लोरिनचा वास. उचललं नाही तिला.
"आहे एक. तुझ्याहून लहान.
अजून रात्रीची उठवते."

"तिला येतं पोहायला?"