दीर्घ ई

बिदर रोडला, सायकलच्या दुकानावर
पत्र्याचा जिना, आणि वर एहतेशाम सरांचा क्लास.
नाइट संपवून मी थेट तिथंच जाते,
केसांना अजून स्पिरिटचा वास.

माझ्या वहीत इंग्रजी देवनागरीत उतरतं.
तिथंच घोटाळा.
वेदर म्हणजे हवामान,
आणि वेदर म्हणजे असं की तसं, कोण जाणे.
वहीत दोन्ही जुळी, एकाच टोपड्यातली.
सर म्हणतात, सिस्टर, चेहरा सारखा असला तरी
रेशनकार्ड वेगळं आहे यांचं.

लूजला एक ओ की दोन?
दोन, मी म्हटलं, लूज मोशनला दोन लागतात.
बियाण्याच्या दुकानातला सोपान इतका हसला
की बाक सरकला.
सर हसले नाहीत. म्हणाले,
ढिलं असतं ते, एक ओ गळाला की हरवतं.

बॉरो आणि लेंडवर तीन दिवस अडकलो.
आमच्याकडं उसनं ते उसनं,
देणारीचंही तेच, घेणारीचंही तेच.
वाटी कुठल्या दाराकडं निघाली
ते शब्द सांगत नाही, शेजारीण सांगते
अख्ख्या गल्लीला.

एकदा मीच विचारलं, सर, वी म्हणजे
आम्ही की आपण?
तुम्हाला धरून, की सोडून?
खडू खिशात टाकून सर बराच वेळ
फळ्याकडं बघत राहिले.
म्हणाले, हे लिहून नाही कळत बेटा.
कोण उठून गेलं, कोण बसून राहिलं,
त्यावरून कळतं.

पेशंटचं तर विचारूच नका.
पेशंट म्हणजे रुग्ण. पेशंट म्हणजे धीर धरणारा.
स्पेलिंगसुद्धा एकच, म्हणाले, इथं चूक होतच नाही.
मला ते आधीच ठाऊक होतं.
आमच्या ओपीडीत दोघं एकाच चिठ्ठीवर येतात,
देवणीहून, जळकोटहून,
फडक्यात भाकरी बांधून
आठपासून बसतात.

ब्रेथ आणि ब्रीद मात्र डोक्यात बसेना.
एक नाम, एक क्रियापद.
लिहिताना शेपटीला ई, म्हणताना पोटात दीर्घ ई.
आणि ब्रीद म्हटलं की मला
शाळेच्या भिंतीवरचं ब्रीदवाक्य आठवायचं,
निळ्या ऑइलपेंटचं, अर्धं पोपड्यांत गेलेलं.

माघातल्या एका रात्री, अडीचला,
स्ट्रेचरवर सर.
ओठ निळे, छातीत लोहाराचा भाता,
मागं त्यांच्या आपा, चपला हातात धरून.
नेब्युलायझर लावला, मास्क घट्ट केला,
आणि का कोण जाणे,
माझी मराठी सोडून, त्यांची उर्दू सोडून
तोंडातून आलं:
ब्रेथ, सर, ब्रेथ!

त्यांनी डोळे उघडले.
सलाइनचा हात उचलला,
अंगठा आणि बोट लांब केलं,
रबर ताणावं तसं.
मास्कच्या आत वाफ उमटली:
दीर्घ.

ब्रीद, मी म्हटलं.
बोट आणखी लांब.
ब्रीऽऽद.
माझा उच्चार ओढता ओढता
त्यांचाच श्वास
कुठंतरी खालपर्यंत गेला, एकदाचा.

चौथ्या दिवशी सुट्टी झाली. गेटवर विचारलं,
सर, क्लास कधी?
परवा, म्हणाले.
मी वहीत लिहून घेतलं, तारीख न घालता.
मग ओळीनं नाइटा लागल्या,
आणि वही उघडून बघते तर कळेना,
ही मागची परवा की पुढची.
इंग्रजीत याला दोन वेगळे शब्दही नाहीत म्हणे,
एक लांबलचक वाक्य आहे नुसतं.

शनिवारी गेले. जिन्याला कुलूप.
सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडे शोधत होता. मान वर न करता बोलला,
सर आलते की परवा.
कुणीच नव्हतं. तासभर
एकटेच बसून राहिले.

मी तिथंच पायरीवर बसले.