चौदा पायऱ्या

न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर मार्च म्हणजे
खाडीत बर्फाचे तुकडे एकमेकांना रेटत असतात
आणि माझ्या व्हॅनचं दार लाथेशिवाय उघडत नाही.
राइडआउटांच्या घरी पोचले तर एफी म्हणाली,
बूट काढ. चहा नंतर. आधी जिना बघ.

जिना अरुंद, चौदा पायऱ्यांचा. वर एक बल्ब,
त्याचं बटण फक्त खाली.
एकेचाळीस वर्षं असंच चाललं होतं:
आधी ती वर जायची, "पोचले" म्हणायची,
मग हेडली दिवा मालवून
अंधारात पायऱ्या मोजत चढायचा.
तेरावी करकरते. ती ऐकली की
ती कुशीवर वळायची.

आता त्याचे गुडघे गेले.
चुलीशेजारच्या कोचावरच निजतो.
"तिला वरून मालवता आलं पाहिजे," तो म्हणाला,
"मला आधी डोळा लागला तर काय करेल?"

भिंतीत भुसा निघाला, आणि जुनी वर्तमानपत्रं,
त्यात कॉड माशाचे भाव, एका बोटीची जाहिरात.
हेडली तिथेच वाचत बसला.
मी माळ्यावरून साखळी सोडली,
खाली एफीने चुंबक धरून ती भोकातून ओढली,
मासा लागल्यासारखी ओरडली.

काम तसं साधं.
एक काळी तार, एक लाल,
या बटणापासून त्या बटणापर्यंत.
आमच्या धंद्यात त्यांना प्रवासी म्हणतात.
बल्बपर्यंत त्या स्वतः कधीच जात नाहीत.
आणि दिवा मालवलेला असला तरी
दोघींपैकी एक जागीच असते,
वरच्या बटणाच्या उंबऱ्याशी येऊन
थांबलेली.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
कारण तोवर माझंच चुकलं होतं.
काळसर स्क्रू सोडून बल्बची तार
भलत्याच स्क्रूखाली आवळली मी,
तेही सहा वर्षं हेच करून!
वरचं बटण खाली पाडलं की खालचं मुकं.
किती खटखट करा, अंधार.
एफीने हेडलीकडे पाहिलं.
हेडली वर्तमानपत्रात होता.

दुरुस्त केलं. दोघांनी आपापल्या टोकावरून
लावून पाहिलं, मालवून पाहिलं.
"पण वर म्हणजे चालूच ना?" त्याने विचारलं.
आता तसं नाही, मी म्हटलं.
बटणाकडे बघून काही कळणार नाही.
दिव्याकडेच बघावं लागेल.
त्याला ते पटलं नाही.
माणसाला आपल्या घरातलं बटण तरी
कळायला हवं, असं काहीसं पुटपुटला.

आठव्या दिवशी फोन.
"पोरी, घरात भूत शिरलंय.
रात्री तीनला दिवा आपोआप लागतो.
मी उठतो, मालवतो.
पुन्हा दुसऱ्या रात्री तेच."

दोन्ही डब्या उघडल्या. स्क्रू घट्ट,
तारा जागच्या जागी. कुठे काळं पडलेलं नाही.
हेडली लाकडं आणायला मागे गेला तेव्हा
एफी चहात साखर ढवळत म्हणाली,
"मी लावते."
मी वाट पाहिली.
"तो मालवतो. मग मला झोप लागते."
चमचा बशीत ठेवला.
"त्याला सांगू नकोस."

हेडली आला. बर्फ झटकला, लाकडं टाकली.
काय सापडलं?
वरचा एक स्क्रू सैल होता, मी म्हटलं.
"मग आता नाही ना लागणार?"
लागला तर मालवा.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग चुलीत एक लाकूड सारून म्हणाला,
"तेरावी करकरत नाही त्या वेळी.
भूत असतं तर खाली आलं असतं."
आणि पाठ फिरवून दुसरं लाकूड शोधू लागला,
हातात एक असताना.

बिलावर लिहिलं: तपासणी केली. दोष नाही.
पैसे घेतले नाहीत, म्हणून खारवलेल्या माशाची बरणी दिली.
ती काखेत धरून
व्हॅनच्या दाराला लाथ मारली.