मुद्देमाल

घंटा एक, पितळी, मूठ लाकडी, चिरलेली.
तांब्या एक, आत पिवळी फुलं, सुकून गेलेली.
मेणबत्तीचे तुकडे नऊ.
पांढरा खडू, अर्धा.
एवढं मी सोमवारी उतरवून घेतलं
त्रिनिदादच्या त्या लाकडी कचेरीत,
जिथे पावसाळ्यात कागदांना बुरशी यायची,
कायद्याला नाही.

तांब्याला ती माणसं लोटा म्हणत.
उसाच्या मळ्यातल्या हिंदी बायकांकडून
भांडं आलं, सोबत नाव आलं.
मला तो शब्द लिहिता येईना.
दोनदा खोडला.

आरोपी : उर्सिलिन काडोगन.
वय अदमासे साठ. धंदा, कपडे धुणे.
आरोप : डोक्याला पांढरं फडकं बांधून,
जमिनीवर खडूनं खुणा काढून,
रात्री अकरानंतर देवाला मोठ्यानं हाका मारल्या,
सबब शांतताभंग.
शेजारी कोण?
कोकोची झाडं.
आणि अर्ध्या मैलावर मॅनेजरचा बंगला,
वारा जातो त्या बाजूला.

शिपाई ब्रेथवेट, बार्बाडोसचा,
तीन तास ओल्या पाचोळ्यात पालथा पडून होता.
पहिला तास गाणं, म्हणाला, दुसरा तास रडणं.
तिसरा?
सांगता येत नाही, साहेब.
सांगा.
जमिनीलाच धाप लागल्यासारखं...
मॅजिस्ट्रेट माझ्याकडे वळले :
धाप लिहू नका.

मग बारा वाजले.
चौकातल्या मोठ्या चर्चनं बारा टोल दिले,
खिडकीच्या काचा थरथरल्या,
दौतीतली शाई थरथरली,
आणि टोल संपेपर्यंत
कोर्ट थांबलं, रोजच्यासारखं.

आता ही वाजवून दाखवा, साहेब म्हणाले.
ब्रेथवेटनं घंटा उचलली, हलवली.
काही नाही.
पुन्हा हलवली, झाडावरून फळ पाडावं तशी.
काही नाही.
मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं.
साहेबांनी चष्मा काढला.
न वाजणाऱ्या घंटेवर
गुन्हा कसा चालवायचा
हे त्यांच्या जाड पुस्तकात नव्हतं.

मला माहीत होतं.
शुक्रवारी कपाटाचा खण उघडताना
ती किणकिणली, बंद करताना किणकिणली,
म्हणून फायली बांधायचा लाल दोरा घेऊन
मीच तिची जीभ आवळली होती.
एवढंच कारण. निदान त्या दिवशी तरी एवढंच.
आता मान खाली घालून
मी टाकाला टोक करत राहिलो.
दोन मिनिटं अजून,
आणि म्हातारी सुटली असती.

पण उर्सिलिन काडोगन पिंजऱ्यातून म्हणाली,
साबणानं पांढरी पडलेली बोटं कठड्यावर ठेवून,
साहेब, माझी घंटा खोटी नाही.
कुणीतरी तिची जीभ बांधली आहे.
आधी सोडा,
मग विचारा तिला.

दोरा सोडायला मलाच बोलावलं.
गाठ माझी, आणि मलाच सुटेना.
शेवटी दातांनी.
ब्रेथवेटनं मनगट जरासं हलवलं
आणि मागची बाकं उभी राहिली,
दहा-बारा बायका, एक लंगडा गाडीवान,
कुणी काही बोललं नाही,
नुसती उभी राहिली.
ब्रेथवेटनं घंटा टेबलावर ठेवली
झोपलेलं मूल ठेवावं तशी.
त्याची आई कुठल्या देवळात जायची
हे कुणी त्याला विचारलं नाही.

मी नोंद केली :
घंटा वाजवून पाहिली. वाजते.

दहा पौंड, नाहीतर दोन महिने.
ती दोन महिने गेली.
तुरुंगातही तिला कपडेच धुवायला दिले,
त्यात ब्रेथवेटचे गणवेश असतील,
नसतीलही.

पुढे कायदाच रद्द झाला.
मी तेव्हा पेन्शनीत होतो.
रस्त्यावरून पांढरी फडकी गेली, भर दुपारी,
घंटा पुढे, मी गॅलरीत.
त्यातली ती कुठली, ओळखू आली नाही.
घंटेला चेहरा नसतो.

दोरा अजून आहे, टेबलाच्या खणात.
रंग उडालेला, मधे दातांची खूण.
खण उघडला की
आवाज होत नाही.